शेवटचा शिपाई कोण?

(मुरबाड येथे शिक्षक, पालक व ग्रामस्थ यांच्या सभेत एका खेड्यातील प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



मला ‘जुन्या लढाया’ या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे. जुन्या लढाया म्हटले की सेनापतींची नावे येतात, गडकिल्ले येतात, तह आणि जाहीरनामे येतात. ते सारे तुम्ही शाळेत पाठ केलेले आहे. ते पुन्हा घोकून तुमचा वेळ खाण्याची माझी इच्छा नाही. मी एक साधाच प्रश्न घेऊन उभा आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्या मराठी मुलखातले हजारो गडी पलटणीत भरती झाले. कोणी इराणात गेला, कोणी हबसाणात, कोणी अफगाणिस्तानात. त्यांतले कित्येक तिकडेच मातीआड झाले. जे परत आले ते शेतीला लागले, पेन्शन खात म्हातारे झाले, आणि एके दिवशी त्यांतला अगदी शेवटचा गडी मेला. तो कोण? कोणत्या गावचा? त्याच्या तिरडीला खांदा कोणी दिला? आमच्या मुलांच्या एकाही पुस्तकात त्याचे नाव नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर, असले नाव कोठे कोणी ठेवते काय? होय, ठेवतात. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत आपसात मोठे युद्ध झाले. त्यात गुलामगिरी मोडली. त्या युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला शेवटचा माणूस अल्बर्ट वूल्सन हा २ ऑगस्ट १९५६ रोजी डुलुथ या शहरी वारला. तो काही सरदार नव्हता. पलटणीत ढोल वाजविणारा पोरगा होता. तरी त्याचे नाव, गाव आणि तारीख तिकडच्या लहानथोरांना सापडते. इंग्रजांचेही तसेच. १८७९ साली आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्ट येथे मूठभर गोऱ्या शिपायांनी झुलू लोकांशी झुंज दिली. त्यांतला शेवटचा फ्रँक बोर्न ८ मे १९४५ रोजी मेला, हे त्यांनी लिहून ठेवले आहे.

यावरून गोरे लोक उपजतच शहाणे आणि आपण उपजतच विसराळू, असा अर्थ कोणी काढू नये. याचे मूळ पैशात आहे. अमेरिकेत त्या युद्धातल्या शिपायांना, त्यांच्या विधवांना आणि अपंग मुलांना सरकारने पेन्शन दिले. पेन्शन म्हटले की नोंदवही आली, अर्ज आला, साक्षीपुरावा आला. शिपाई जिवंत आहे की मेला हे दरसाल पाहणे आले. त्या युद्धातले शेवटचे पेन्शन कधी बंद झाले ठाऊक आहे काय? २०२० साली! एका शिपायाची अपंग मुलगी, जी बापाच्या म्हातारपणी जन्मली होती, ती तोवर महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट घेत होती. युद्ध संपून १५५ वर्षे झाली, तरी वही मिटली नाही. आणि गंमत अशी की तिचा बाप आधी दक्षिणेच्या फौजेत होता. तेथून पळून तो उत्तरेला मिळाला. अशा माणसाचीही नोंद राहिली, कारण वही माणसाचा मोठेपणा पाहत नाही, नाव पाहते.

आता तुम्ही विचाराल, इंग्रजांनी आपल्या शिपायांची वही ठेवली नव्हती काय? ठेवली होती. पगार, पेन्शन, बापाचे नाव, गाव, जात, सारे ते लिहीत. परंतु वहीतले नाव निराळे आणि दगडावरचे नाव निराळे. वही कचेरीच्या कपाटात राहते, दगड चारचौघांत उभा राहतो. दगडावर कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे, हे दगड उभारणारा ठरवितो.

याचा दाखला फार लांब नाही. मुंबईत कुलाब्याला अफगाण चर्च म्हणून देवळाएवढीच प्रसिद्ध इमारत आहे. १८३८ ते १८४३ या काळात सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांच्या आठवणीसाठी ती बांधली. तिची प्रतिष्ठापना १८५८ साली झाली. तेथे अंमलदारांची नावे कोरलेली आहेत. आणि साधे शिपाई? त्यांच्याविषयी तेथे लेख आहे, त्याचा मतलब असा की ते इतके पुष्कळ होते की त्यांची नावे लिहिता आली नाहीत. मंडळी, जे थोडे मेले त्यांना नाव, आणि जे फार मेले त्यांना नाव नाही, हा कोठला हिशेब?

दुसरा दाखला मैवंदचा. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदच्या मैदानावर इंग्रजी सैन्याचा मोठा पराभव झाला. त्या सैन्यात ६६ वी गोरी पलटण होती, आणि तिच्याबरोबर मुंबई फौजेच्या पलटणी होत्या: पहिली ग्रेनेडियर, तिसावी जेकब रायफल्स, सॅपर्सची तुकडी, रिसाला. साडेनऊशेच्या आसपास लढवय्ये पडले. शिवाय ३३१ नोकरचाकर मेले. हे नोकरचाकर म्हणजे पाणी देणारे भिस्ती, डोली वाहणारे, उंटवाले, घोड्यांचे मोतद्दार, स्वयंपाकी. त्यांना आपण ‘बाजारबुणगे’ म्हणून हिणवितो; पण तहानेने जीव जात असता रणात पाणी पाजणारा माणूस बाजारबुणगा कसा?

आता पुढे ऐका. ६६ व्या पलटणीचा बॉबी नावाचा एक कुत्रा त्या लढाईत जखमी होऊन वाचला. १८८१ साली त्याला विलायतेस नेले आणि खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याच्या गळ्यात अफगाण युद्धाचे पदक घातले. पुढल्या साली तो घोडागाडीखाली सापडून मेला, तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरला. आज तो सॅलिसबरीच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत बसला आहे. ६६ व्या पलटणीच्या मेलेल्या ३२९ गोऱ्यांसाठी रेडिंग शहरात प्रचंड सिंह उभारला, आणि त्याखाली त्यांची नावे कोरली. कुत्र्याविषयी माझा राग नाही. तो इमानी होता. परंतु कुत्र्याचे नाव शाळकरी मुलाला कळते आणि पाणी पाजता पाजता मेलेल्या भिस्त्याचे कळत नाही, तेव्हा विचार करणाऱ्याने थोडे थांबावे.

दिखाव्यासाठी हवे तेव्हा मात्र आमचे म्हातारे बरोबर सापडत. १९०३ साली दिल्लीस लॉर्ड कर्झनने दरबार भरविला, तेव्हा सत्तावनच्या धामधुमीतले वृद्ध शिपाई, गोरे आणि काळे, मैदानात मिरवत आणले. टाळ्यांचा कडकडाट झाला. १९११ च्या दरबारातही तेच झाले. नंतर म्हातारे आपापल्या गावी गेले आणि टाळ्या वाजविणाऱ्यांनी त्यांचे पुढे काय झाले हे विचारले नाही.

नाव कोरल्याने काय होते, असे कोणी विचारील. त्याला उत्तर कोरेगावच्या स्तंभाने दिले आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने भीमेकाठी तो उभारला. १८२१ साली त्याचा पाया घातला. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांत २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्राएलही आहेत. पेशव्यांच्या बाजूने जे पडले त्यांची नावे त्या दगडावर नाहीत. त्यांनाही आया होत्या, हे विसरू नये. परंतु जी नावे कोरली गेली ती पुढे बोलू लागली. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची फौजभरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनर हवालदाराने अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेस अर्ज पाठविला आणि वाडवडिलांच्या लष्करी नोकरीचा दाखला दिला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. नातवाला हक्क मागायचा असेल तर त्याच्या हाती आजाचे नाव पाहिजे. निनावी माणसाच्या वारसाला कोणी दारात उभे करीत नाही.

आणखी एक गोष्ट मी मास्तर म्हणून सांगतो. या पेन्शनर शिपायांनी गावात नुसती बंदुकीची कहाणी आणली नाही. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शाळा होती. ज्या काळी गावच्या शाळेत आमच्या मुलांना ओटीवरसुद्धा बसू देत नव्हते, त्या काळी पलटणीत त्यांच्या हाती पाटी आली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे फौजेच्या शाळेत शिकविणारे होते. असल्या घरांतून पहिले वाचणारे निघाले. म्हणून हा शिपाई नुसता मेला नाही. त्याच्याबरोबर गावच्या पहिल्या अक्षराची आठवण गेली.

येथे कोणी तरुण उठून म्हणेल, “मास्तर, हे लोक इंग्रजांचे चाकर. परक्यासाठी परक्यांना मारायला गेले. त्यांची कसली आठवण?” प्रश्न रास्त आहे. त्यांची पोवाडे गाऊन पूजा करावी असे मी म्हणत नाही. मैवंदला जे अफगाण पडले ते आपल्या घरासाठी पडले, हे आपण मोकळ्या मनाने मानावे. पण आमचा गडी पोटासाठी गेला. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी होती त्याने त्याला नावे ठेवावीत हे शोभत नाही. आठवण ठेवणे म्हणजे शाबासकी देणे नव्हे. आठवण ठेवणे म्हणजे खरे काय घडले ते सांगणे.

आपल्याच डोंगरांकडे पाहा. राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठला, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्याने सरकारची झोप उडविली, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात तो फासावर गेला. त्यानंतर दहा वर्षे झाली नाहीत तोच, १८५७ साली, नटॉल नावाच्या साहेबाने याच घाटमाथ्यावर कोळ्यांची सरकारी पलटण उभारली. १८६१ साली ती मोडली. थोडे पोलिसात गेले, बाकीचे परत नांगराला लागले. मंडळी, बंडात तेच लोक, आणि बंड मोडणाऱ्या पलटणीतही तेच लोक! माळशेज आणि नाणेघाटाच्या वाटेने सोयरीक करणाऱ्या आपल्या घरांना हे नवल वाटू नये. राघोजीचे नाव आपण राखले, हे उत्तम झाले. परंतु त्याच्याबरोबर रानात उपाशी राहिलेल्या गड्यांची नावे? आणि पलटण मोडल्यावर रिकाम्या हाती घरी आलेल्यांची?

आणि आठवण राखता येते, हे आपल्या तालुक्याने दाखविले आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. दरसाल त्या दिवशी लोक तेथे जातात, म्हणून ती नावे पोराबाळांच्या तोंडी आहेत. पाय झिजले की नाव टिकते.

आता साधा हिशेब करू. १८८० साली जो १८ वर्षांचा होता, तो स्वराज्य आले तेव्हा ८५ वर्षांचा असणार. १८९७ च्या तिराहच्या मोहिमेत जो १८ वर्षांचा होता, तो १९६७ साली ८८ वर्षांचा. म्हणजे एकोणिसाव्या शतकातला शिपाई ओटीवर बसलेला पाहिलेली माणसे आपल्या घरांत आजही असू शकतात. ती ऐंशी-नव्वदीच्या पुढची आजी आहे, जी कोपऱ्यात बसून असते आणि जिला आपण ‘गप बस गं’ म्हणतो. तिला बोलू द्या.

मग काय करावे? घरात जुना रुपेरी बिल्ला असेल तर मोडीत घालण्याआधी त्याची कड पाहा. अफगाण युद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत खोदलेली असते. आजाला ती वाचता आली नाही. तुमच्या सहावीतल्या मुलीला येते. मागल्या बाजूस हत्तीवर तोफ लादलेली दिसेल. मैवंदची पट्टी त्यावर शोधू नका. सरकारने हरलेल्या लढाईची पट्टी दिली नाही. नंतर, हल्ली जातीच्या दाखल्यासाठी आपण तहसिलीत जाऊन कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, धुंडाळतो. त्याच पानांवर आजा-पणजाच्या मृत्यूची तारीखही असते. दाखल्यापुरते पाहून वही मिटू नका; तारीख उतरून घ्या. १९१४ च्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या पुष्कळ गावांत आहेत. त्यांवर इतके गेले, इतके मेले, एवढा आकडा आहे, नाव नाही. त्या आकड्यांपुढे नावे लिहिण्याचे काम आपले आहे.

मात्र एक पथ्य पाळा. फुगवून लिहू नका. वूल्सनला लोक १०९ वर्षांचा म्हणत; खानेसुमारीचे कागद पाहता तो १०६ चा निघाला. दक्षिणेचा शेवटचा शिपाई म्हणून १९५९ साली मेलेल्या एका म्हाताऱ्याचा मोठा गौरव झाला. कागद काढले तेव्हा कळले की युद्ध सुरू झाले त्या वेळी तो पाच-सहा वर्षांचे पोर होता. हमालाला सुभेदार करू नका, डोलीवाल्याला तलवार देऊ नका. डोलीवाला होता तर डोलीवाला लिहा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा खोट्यात आहे.

माझी विनंती एवढीच, की येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक शाळेने आपल्या गावची आणि वाड्यापाड्यांची अशी एक वही करावी. कुणबी, आगरी, ठाकर, कोळी, कातकरी, महार, मराठा, मुसलमान, कोणाचेही घर वगळू नये. नाव, बापाचे नाव, गाव, पलटण किंवा काम, मृत्यूचे साल, आणि सांगणाऱ्याचे नाव, एवढे रकाने पुरे. वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवावी. सर्वांत शेवटचा शिपाई कोण, हे तिच्यातून निघेल किंवा न निघेल. परंतु पुढे कोणी विचारले तर ‘ते फार होते म्हणून लिहिले नाही’ असे उत्तर आपल्या तोंडून निघता कामा नये.