माळरानाचे अर्थशास्त्र

ॲडम स्मिथने १७७६ साली आदिम शिकाऱ्याला थेट बाजारात उभे केले : एका बीव्हरच्या बदल्यात दोन हरणे! छत्रपती संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटणे आहे. तेथील उत्खननाची साक्ष निराळी. तेथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मणी सापडले. शहामृग म्हणजे मोकळे माळरान. आडोसा नसलेल्या अशा मुलखात एकटा मनुष्य मोठे जनावर कसे गाठणार? काहींनी हाकावे, काहींनी दबा धरावा. एवढे मांस उन्हात टिकतही नाही. म्हणून वाटणी अपरिहार्य. आज घेणारा उद्या देई. माळावरच्या शिकारीची विद्या अलीकडेपर्यंत जपली ती हरणांना फास लावणाऱ्या फासेपारध्यांनी. १८७१ च्या कायद्यातून आलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का त्यांच्याही माथी बसला. १९५२ मध्ये कायदा गेला. चोरी कोठेही होवो, पोलिसांची पावले मात्र आजही आधी पारध्यांच्या पालाकडे वळतात.