गूळ की साखर? प्रश्न रक्ताचा

मैत्रिणींनो, ‘साखर वाईट, गूळ चांगला’ असे गटागटांतून ऐकू येते. गूळ, काकवी, मध यांत थोडी खनिजे असतात हे खरे. पण गूळही बहुतांशी साखरच. रक्तातली साखर त्यानेही वाढते. मधुमेह असलेल्या बाईला गुळाचा चहा म्हणजे पथ्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली : २००० उष्मांकांच्या आहारात दिवसाला ५० ग्रॅमच्या आत. मध आणि फळांचा रसही त्यात धरला आहे. अख्खे फळ नाही, कारण चोथ्यामुळे त्यातली साखर हळूहळू रक्तात उतरते.

मग आपल्यालाच गूळ का सांगतात? ‘अंगात रक्त नाही, गूळ-शेंगदाणे खा’ म्हटले की घर मोकळे, दवाखानाही मोकळा! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तो गुळाच्या खड्याने भरून निघत नाही. रक्ताची तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि घरातल्या पुरुषांइकीच डाळ-भाजी आपल्याही ताटात, हा आपला हक्क आहे. गूळ चवीपुरता खाऊ या. औषध म्हणून कोणी तो हातावर ठेवला, तर आधी तपासणी मागू या.