छोट्या कॉलेजातले पहिले तीन महिने

(भूम येथे बारावीच्या मुलामुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी भरलेल्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन. वक्ते एका छोट्या कॅथलिक महाविद्यालयातून निवृत्त झालेले मराठीचे प्राध्यापक आहेत.)



आत येताना दारातच एका काकांनी मला अडवले आणि विचारले, “सर, कॅथलिक कॉलेजात शिकायचं म्हंजी धर्म बदलावा लागतो का?” प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. नाही लागत. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पदवीवर शिक्का विद्यापीठाचा. आणि शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही, मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते, असे आपल्या घटनेच्या २८व्या कलमात लिहून ठेवले आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझी सगळी नोकरी अशा कॉलेजात गेली आणि मी आषाढीला पंढरपूरला जायचो, ते सगळ्यांना ठाऊक होते. प्राचार्य फादर परतल्यावर प्रसादाचे चुरमुरे मागून घ्यायचे.

कॅथलिक कॉलेज म्हटले की लोकांना मुंबईचे सेंट झेवियर्स आठवते. ते १८६९ साली जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केले. मलबार हिलजवळचे मुलींचे सोफिया कॉलेज १९४० सालचे. ही मोठी घराणी. तिथे जाता आले तर अवश्य जा. पण मी आज बोलणार आहे ते छोट्या कॉलेजाविषयी. तालुक्याच्या किंवा उपनगराच्या गावात असते तसले. कला आणि वाणिज्य, एखादे मैदान, एक ग्रंथालय, आणि शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळ्यांना नावाने ओळखणारे सगळे.

वसईला असे एक कॉलेज आहे, संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे. वसई आपल्याला फार परकी नाही. जानेवारी २०२० मध्ये आपल्या जिल्ह्याच्या गावी ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. अंगात दुखणे असताना ते इथवर आले होते. एका कॅथलिक धर्मगुरूला अध्यक्ष केले म्हणून तेव्हा काहींनी विरोधही केला होता, आणि धाराशिवकरांनी संमेलन व्यवस्थित पार पाडले. आता फादर नाहीत, २०२४ साली गेले.

तर हे गोन्सालो गार्सिया कोण? सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला मुलगा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केले, भाषा इतकी चांगली शिकला की दुभाष्या झाला. त्याला त्या संघात घ्यावे अशी त्याची फार इच्छा होती. ती काही पुरी झाली नाही. मग व्यापार केला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघाने त्याला घेतले, आणि १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारले. १८६२ मध्ये पोपनी त्याला संत जाहीर केले. ज्याला एका दारातून आत घेतले नाही, त्याच्या नावाने आज एका कॉलेजाचे दार आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आता मी दाराविषयीच बोलणार आहे.

सरकारी किंवा साध्या अनुदानित कॉलेजात अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. तो तुमचा हक्क. अल्पसंख्याकांच्या संस्थेचे तसे नाही. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार दिला आहे, आणि २००५ सालच्या ९३व्या दुरुस्तीने (आकडा संमेलनाचाच, योगायोग बघा!) जे १५(५) हे कलम आले, त्यात राखीव जागांच्या बंधनातून या संस्थांना वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ते ग्राह्य धरले. याचा साधा अर्थ असा, की कॅथलिक कॉलेजात पारध्याच्या पोराला घ्यायचे की नाही हे कॉलेज ठरवते. घेतले तर मनाने घेतले.

मला यात एक गोष्ट खटकते आणि ती मी फादरांच्या समोरच सांगतो, त्यांनी रागावू नये. पाड्यावर मिशनची शाळा आहे, बोर्डिंग आहे, सिस्टर रात्री-अपरात्री ताप आलेल्या पोराला दवाखान्यात नेतात. दहावीपर्यंत सगळे छान. आणि पुढे त्याच चर्चच्या कॉलेजात त्या पाड्यावरची मुले किती? प्रत्येक प्राचार्याने हा आकडा दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहावा. कायदा मागत नाही, म्हणून तर लिहावा.

आता समजा प्रवेश मिळाला. मी शिकवले ते कॉलेज छोटेच होते. तिथे जी मुले गळाली ती नापास होऊन गळाली नाहीत. ती दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली आणि परत आलीच नाहीत. म्हणजे जे काही घडायचे ते पहिल्या तीन महिन्यांत घडते.

काय घडते? पहिली गोष्ट पैशाची, पण तुम्हाला वाटते तशी नाही. शिष्यवृत्ती असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाचा दाखला लागतो, अर्ज महाडीबीटीवर भरायचा. पैसा येतो, पण उशिरा येतो. मेसचे बिल मात्र दर महिन्याला. एसटीचा पास दर महिन्याला. पोरगं लाजेने जेवणाची एक वेळ सोडते आणि कोणाला सांगत नाही. आमच्या मेसच्या मावशींच्या ते पहिल्यांदा लक्षात यायचे, आम्हा प्राध्यापकांच्या नंतर. देणगीदारांना मला हे सांगायचे आहे, की मोठी इमारत, कोनशिला, हे सगळे ठीक. पण जून ते सप्टेंबर एका मुलाची मेस भरणारा माणूस त्या कॉलेजात जे काम करतो, ते कोनशिला करत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आमच्याकडे कोकणातली मुले होती, घाटावरची होती. हजेरीला “हाय सर” म्हटले की वर्ग हसतो. पारधी मुलाची घरची बोली तर गुजरातीच्या नात्यातली, मराठी त्याची दुसरी भाषा, आणि लेक्चर इंग्रजीमिश्रित. तीन भाषा येणारे पोर स्वतःला ढ समजते. मी पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला आपापल्या बोलीत पावसाला, भाकरीला, भांडणाला काय म्हणतात ते विचारायचो. फळा भरून जायचा. वर्ग हसायचा, पण ते हसणे निराळे असायचे.

भाकरीवरून आठवले. इथल्या पोराला तिकडच्या भाताने पोट भरल्यासारखे वाटत नाही. हे हसण्यावारी नेऊ नका. सुट्टीवरून परत जाताना डबाभर ज्वारीचे पीठ आणि आपल्या भूमचा खवा बांधून द्या. खवा वाटून खाता येतो, आणि वाटून खाल्ले की खोलीत ओळखी होतात.

छोट्या कॉलेजाचा फायदा असा की तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारते. तोटाही तोच. तुमच्या बापाला पोलिसांनी उचलले, ही बातमी कॉलेजात दुपारपर्यंत पोचते. १८७१ साली इंग्रजांनी काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला, नजर गेलेली नाही. होस्टेलमध्ये कोणाचे पाकीट हरवले तर पहिली झडती कोणाच्या पेटीची होते? मी पाहिले आहे. त्या दिवशी रेक्टरने सगळ्यांच्या पेट्या उघडायला लावल्या, स्वतःच्या कपाटापासून सुरुवात करून. पाकीट धोब्याच्या कपड्यांत निघाले. तो मुलगा पुढे बी.ए. झाला. रेक्टरने एकट्याची पेटी उघडली असती तर तो त्याच रात्री एसटी स्टँडवर गेला असता, असे मला खात्रीने वाटते.

प्रवेश घ्याल तेव्हा प्राचार्यांना फी विचारता, निकाल विचारता. हेही विचारा, की चोरी झाली तर तुमच्याकडे झडती कशी घेतात.

आता आई-वडिलांसाठी. आपल्या भागातली टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्याला माणूस कमी पडतो, किंवा धाकट्या लेकराला सांभाळायला कोणी नसते, आणि कॉलेजातल्या पोरीला निरोप जातो. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत असते. हजेरी ७५ टक्के लागते. पोरगी पंधरा दिवसांसाठी येते आणि फडावरून थेट फाल्गुनातच सुटते. तुमची अडचण खोटी आहे असे मी म्हणत नाही. उचल फेडायची असते, मला कळते. एवढेच करा, की निरोप धाडायच्या आधी कॉलेजला एक फोन करा. छोट्या कॉलेजात तो फोन उचलला जातो. धाकट्याला इथल्या बोर्डिंगात ठेवता येते का ते बघता येते, परीक्षेनंतर नेता येते का ते बघता येते. मुलगी एकदा फडावर पोचली की मग कोणालाच काही करता येत नाही.

आणि कागद. जातीच्या दाखल्याला आणि पुढे पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना कोणी गावात टिकू दिले नाही त्यांच्याकडे वास्तव्याचा पुरावा मागायचा, यावर मी काय बोलू! शिवाय तेव्हा आपला जिल्हा नुकताच निजामाच्या राज्यातून सुटला होता. जुने दप्तर उर्दूत, काही मोडीत. म्हणून बारावीचा निकाल लागायची वाट बघू नका. आजोबांच्या शाळेचा दाखला, चुलत्याचा दाखला, घरातल्या कोणाची पडताळणी झाली असेल तर त्याची प्रत, हे आत्तापासून गोळा करा. रक्ताच्या नात्यात वडिलांकडच्या एकाची पडताळणी झालेली असली की पुढच्याचे काम पुष्कळ हलके होते.

राहायची सोय नसेल तर आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, त्यात जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे पैसे मुलाच्या खात्यात जमा होतात. अर्जाची मुदत असते आणि ती निघून जाते. खाते आधारशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात. खाते मुलाच्याच नावाचे हवे, मामाच्या नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, मुलीला एवढ्या लांब पाठवावे का? ताई, पहिल्यांदा तुम्ही स्वतः जाऊन या. होस्टेलचे संडास बघा, दाराला कडी आहे का बघा, रात्री आजारी पडली तर कोण येते ते सिस्टरला विचारा, आणि मेसमध्ये बसून एक वेळ जेवा. मग ठरवा. दोघींचे जाण्यायेण्याचे भाडे देणारे एक गृहस्थ इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. नाव सांगू नका म्हणाले आहेत, म्हणून सांगत नाही.

चहा तयार आहे. ज्यांनी दाखल्यांच्या प्रती आणल्या आहेत त्यांनी डाव्या बाजूच्या टेबलाशी थांबावे, अर्ज आज इथेच भरून घेऊ.