सतरा मिनिटांत लंडन ते पुणे

मे महिन्याच्या अखेरीला लंडनमध्ये रात्र नावापुरतीच होते. सूर्य क्षितिजाखाली जातो, पण फार खोल नाही. अशा एखाद्या रात्री 12.40 च्या सुमारास पश्चिमेकडून एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका वर चढतो, डोक्यावरून जातो आणि पूर्वेला उतरतो. ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. लंडनच्या डोक्यावरून गेल्यावर सतरा मिनिटांनी तेच स्थानक पुण्याच्या आकाशात नैऋत्येला उंचावर असतं. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजत आलेले असतात आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली असते. लंडनहून मुंबईला जाणाऱ्या विमानाला नऊ तासांच्या आसपास लागतात.

हे रोज घडत नाही, कक्षा तशी जुळून यावी लागते. पण घडतं त्यामागे साधी भूमिती आहे. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे 51.6 अंशांचा कोन करते, म्हणून त्याहून उत्तरेला ते कधीच जात नाही. लंडन आहे 51.5 अंशांवर, म्हणजे या रस्त्याच्या अगदी माथ्यावर. माथ्यावरून निघालेला रस्ता आग्नेयेकडे उतरत जातो तो थेट अरबी समुद्रात. याच कारणाने लंडनकरांना स्थानकाच्या लागोपाठ पाच-सहा फेऱ्या क्षितिजावर मिळू शकतात. पुण्याला एका वेळी दोन-तीनच.

हा हिशेब आता कुणालाही घरबसल्या करता येतो. उपग्रहांचा माग दाखवणारी बरीच सॉफ्टवेअर आहेत. त्यांतलं हौशी रेडिओवाल्यांच्या विशेष आवडीचं म्हणजे जीप्रेडिक्ट. अलेक्झांड्रू चेटे यांनी ते लिहिलं. ते फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. उघडलं की जगाचा नकाशा, त्यावर सरकणारे ठिपके, शेजारी गोल आकाशपट आणि सेकंदासेकंदाला बदलणारे आकडे दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुठेतरी कॅमेरा लावलाय आणि आपण थेट प्रक्षेपण बघतोय.

तसं काहीच नसतं. सॉफ्टवेअर आकाशाकडे ढुंकूनही बघत नाही, ते फक्त गणित करतं. प्रत्येक उपग्रहामागे त्याच्याकडे आकड्यांच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी 69 अक्षरांच्या. त्यांना टीएलई म्हणतात. स्थानकाच्या पहिल्या ओळीत 25544 हा त्याचा यादीतला क्रमांक असतो. पुढे 98067A, म्हणजे 1998 सालातल्या 67 व्या उड्डाणातली पहिली वस्तू. दुसऱ्या ओळीत कक्षेचा कल, तिचा लंबगोलपणा, आणि शेवटाकडे दिवसाला किती फेऱ्या होतात तो आकडा, साधारण साडेपंधरा. लंबगोलपणाच्या आकड्यात दशांशचिन्ह छापतच नाहीत. ते आहे असं समजून वाचायचं. सालाचेही दोनच आकडे असतात. 57 ते 99 म्हणजे विसावं शतक, 00 ते 56 म्हणजे एकविसावं. ही वाटणी 57 पासून का, हे स्पुटनिक कधी उडालं ते आठवलं की कळतं.

या ओळींचा पुरवठा मुख्यतः अमेरिकन लष्कराच्या रडार आणि दुर्बिणींच्या जाळ्यातून होतो. सर्वसामान्यांपर्यंत त्या पोचवण्याचं मोठं काम टी. एस. केल्सो यांच्या सेलेस्ट्रॅकने 1985 पासून केलं आहे. पण ओळींमधला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा आहे आरंभकाळाचा: ही स्थिती नेमकी कोणत्या क्षणाची आहे. त्या क्षणापासून पुढचं सगळं गणिताच्या भरवशावर चालतं.

मराठी माणसाला ही रीत नवी वाटायचं कारण नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव लिहिलं ते शके 1442 हा आरंभ धरून, म्हणजे 1520 साली. एक आरंभ, त्या वेळची ग्रहांची स्थानं, रोजच्या गती, आणि त्यांवरून पुढच्या कोणत्याही दिवसाचं आकाश. पिढ्यान्पिढ्या पंचांगं त्यावर निघाली. पण आरंभ जुना होत गेला तसे गतीतले बारीक फरक साचत गेले आणि पंचांगातला ग्रह व आकाशातला ग्रह यांची फारकत झाली. 1860 मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली ती याच दुखण्यावर, युरोपातल्या ताज्या वेधांचा आधार घेऊन.

ग्रहलाघवाला शिळं व्हायला शतकं लागली. टीएलईला दिवस पुरतात. चारशे किलोमीटरवर हवा विरळ असली तरी असते, आणि ती उपग्रहाला सतत थोडं मागे ओढते. स्थानक अधूनमधून इंजिन पेटवून उंची वाढवतं. जुन्या ओळींना त्याचा पत्ता नसतो. 10 आणि 11 मे 2024 ला मोठं सौर वादळ आलं, वरचं वातावरण फुगलं आणि खालच्या कक्षांतल्या हजारो उपग्रहांवरचं घर्षण अचानक वाढलं. स्थानक सेकंदाला 7.66 किलोमीटर धावतं. अंदाज दहा सेकंदांनी चुकला, तर ठिपका प्रत्यक्षापासून 77 किलोमीटर दूर दाखवला जातो. गच्चीवर उभं राहून नुसतं बघणाऱ्याला दहा सेकंदांनी फरक पडत नाही. अरुंद झोताचा अँटेना फिरवणाऱ्याला पडतो. म्हणून जीप्रेडिक्ट सुरू केल्यावर पहिलं काम म्हणजे एडिट मेनूतून टीएलई ताजे करून घेणं. ते न करताही ठिपके तितक्याच ऐटीत फिरत राहतात, खोटेपणाची कसलीही खूण पडद्यावर उमटत नाही. खरी गोम इथेच आहे.

दुसरं काम ठिकाणाचं. नव्याने बसवलेल्या जीप्रेडिक्टमध्ये नमुन्यादाखल कोपनहेगनचं ठिकाण भरलेलं असतं. ते बदललं नाही, तर लंडनच्या बाल्कनीत उभा असलेला माणूस मुकाट्याने कोपनहेगनच्या वेळा पाळत बसतो.

ठिकाण भरतानाही एक खोडा आहे: रेखांश पूर्व की पश्चिम. लंडनकराने हे चुकवलं तर फारसं बिघडत नाही. ग्रिनिचची रेषा त्याच्या अंगणातून जाते, चूक पंधरा-वीस किलोमीटरची होते. पण न्यूयॉर्क 74 अंश पश्चिमेला आहे आणि पुणे जवळजवळ 74 अंश पूर्वेला. न्यूयॉर्कच्या मराठी माणसाने पूर्व निवडलं की तो किर्गिझस्तानच्या डोंगरात जाऊन पडतो. पुणेकराने पश्चिम निवडलं की त्याचं घर कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत निघतं. अक्षांश बरोबर, आकडे बरोबर, फक्त एक अक्षर चुकलेलं.

तिसरं, घड्याळ. उपग्रहांची दुनिया यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते. जीप्रेडिक्टला स्थानिक वेळ दाखवायला सांगता येतं, पण फोनवर दोन देशांतली माणसं बोलत असली की गोंधळ ठरलेला. भारत साडेपाच तास पुढे. लंडन हिवाळ्यात यूटीसीबरोबर, उन्हाळ्यात एक तास पुढे. दोन गावांत बेत आखायचा असेल तर दोघांनीही पडदा यूटीसीवर ठेवणं सोयीचं.

आता पडदा वाचायचा कसा. नकाशावरच्या ठिपक्याभोवती एक वर्तुळ असतं. त्या क्षणी उपग्रह ज्यांच्या क्षितिजाच्या वर आहे, ते सगळे त्या वर्तुळात. स्थानकासाठी त्याचा व्यास साधारण साडेचार हजार किलोमीटर भरतो. ठिपका नागपूरवर असेल तेव्हा वर्तुळात जवळजवळ सगळा भारत मावतो. उपग्रह उत्तरेकडे सरकला की वर्तुळ फुगून विचित्र दिसतं. तो दोष सपाट नकाशाचा. उपग्रहाचा मार्ग नागमोडी लाटेसारखा दिसतो, तोही त्याच सपाटीचा खेळ. प्रत्यक्षात स्थानक आपल्या कक्षेत सरळ फिरतं आणि खालची पृथ्वी पूर्वेकडे वळते, म्हणून प्रत्येक फेरीला वाट सुमारे 23 अंश पश्चिमेला सरकते. एका फेरीत पुण्यावर आलेलं स्थानक पुढच्या फेरीत त्याच अक्षांशावर अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला असतं.

गोल आकाशपटावर मात्र नवखे हमखास फसतात. वर्तुळाचा मध्य म्हणजे डोक्यावरचा बिंदू, कडा म्हणजे क्षितिज. उत्तर वर. मग पूर्व कुठे? भिंतीवरच्या नकाशात उजवीकडे. पण वर्तमानपत्रांत महिन्याच्या सुरुवातीला छापतात त्या आकाशनकाशात पूर्व डावीकडे असते, कारण तो नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो. जीप्रेडिक्टच्या सेटिंगमध्ये दोन्ही मांडण्या आहेत. आपल्याकडे कोणती आहे हे आधी बघितलं नाही, तर पश्चिमेचा उपग्रह पूर्वेला शोधला जातो आणि दहा मिनिटांची फेरी संपून जाते.

फेऱ्यांच्या यादीत तीन लघुरूपं सतत भेटतात. एओएस म्हणजे उगवण्याची वेळ, एलओएस म्हणजे मावळण्याची, आणि टीसीए म्हणजे उपग्रह सर्वांत जवळ असतो तो क्षण. त्यांच्या जोडीला सर्वाधिक उंचीचा कोन. दहा अंशांची फेरी यादीत दिसते खरी, पण सदाशिव पेठेतल्या दोन इमारतींमधून ती कुणालाच दिसत नाही. तिथे निदान चाळीस अंशांची हवी. क्षितिजावरचं स्थानक सुमारे 2,300 किलोमीटरवर असतं, डोक्यावरचं 420 च्या आसपास. तेजातला फरक डोळ्यांनाही कळतो. यादीत उंचीच्या कोनाशेजारी दिसण्याची खूण असते, इंग्रजी व्ही, डी, ई यांपैकी. व्ही असेल तर खाली अंधार आणि वर उपग्रहावर ऊन, म्हणजे तो दिसणार. डी म्हणजे इथे दिवस आहे. ई म्हणजे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत आहे. मे अखेरीची ती रात्र खास ठरते ती या व्हीमुळे. लंडनच्या मध्यरात्रीही सूर्य इतका वर असतो की स्थानकावर ऊन पडतं, आणि सतरा मिनिटांनी पुण्यात ते पहाटेच्या उजेडात शिरतं. दोन्ही गावांना व्ही. जूनमध्येही हे जमू शकतं, पण तोवर पुण्यावर ढग येतात आणि त्यांची दखल जीप्रेडिक्ट घेत नाही.

ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक खिडकी आहे, रेडिओची. स्थानकावरून 145.800 मेगाहर्ट्झवर हौशी प्रसारण होतं. स्थानक जवळ येताना हा आवाज सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर लागतो, दूर जाताना तितकाच खाली. गाडी जवळून गेल्यावर हॉर्नचा सूर उतरतो, तोच प्रकार. 437 मेगाहर्ट्झच्या आसपास हा फरक तिप्पट होतो आणि सेकंदासेकंदाला बदलतो. हाताने बटण फिरवून तो गाठताना दमछाक होते. जीप्रेडिक्ट हे काम रेडिओला जोडून स्वतः करतं. तिथे दोन बटणं आहेत, ट्रॅक आणि एंगेज. पहिल्याने हिशेब सुरू होतो, दुसऱ्याने तो रेडिओपर्यंत पोचतो. अनेकांची पहिली फेरी या दोहोंतलं एक विसरण्यात जाते.

या सुराच्या उतरणीचा इतिहास स्पुटनिकपासून सुरू होतो. ऑक्टोबर 1957 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याचा 20 मेगाहर्ट्झचा आवाज टिपला आणि नुसत्या सुराच्या बदलावरून त्याची कक्षा काढली. हाच हिशेब उलटा केला की उपग्रहावरून आपलं ठिकाण कळतं. ट्रान्झिट ही उपग्रहांवर चाललेली पहिली दिशादर्शन यंत्रणा त्यातून उभी राहिली.

आपल्याकडेही हे ऐकलं गेलं आहे. 5 मे 2005 ला श्रीहरिकोट्याहून इस्रोने हॅमसॅट सोडला, खास हौशी रेडिओवाल्यांसाठी. 2014 पर्यंत जगभरचे लोक त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलत होते. 22 जून 2016 ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा स्वयम्, जेमतेम एक किलोचा, पीएसएलव्हीच्या एकाच उड्डाणात इतर एकोणीस उपग्रहांबरोबर गेला. पाठोपाठ 26 सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा प्रथम. एकाच वेळी वीस वस्तू सुटल्या की सुरुवातीला ओळींचे संच मिळतात, पण कोणता संच कुणाचा हे सांगणारं नाव त्यांवर नसतं. तेव्हा जमिनीवरची मंडळी एकेक संच सॉफ्टवेअरमध्ये घालून ऐकतात. ज्या संचाच्या हिशेबाशी आवाजाची उतरण जुळते, तो आपला. गर्दीतून आपलं पोर हाकेवरून ओळखावं, तसं.

लंडनमधल्या नातवाने जीप्रेडिक्टमध्ये दोन ठिकाणं भरावीत, एक स्वतःचं आणि एक पुण्यातल्या आजीचं. दोन आकाशपट शेजारी शेजारी उघडावेत. लंडनचा ठिपका पूर्वेच्या कडेला मावळेल तेव्हा पुण्याचा पट अजून रिकामाच असेल. स्थानक तेव्हा ओडेसाच्या जवळपास असतं. मग काळा समुद्र, जॉर्जिया, कास्पियन, पूर्व इराण. इथलं मावळणं आणि तिथलं उगवणं यांमध्ये साधारण सात मिनिटं जातात. आजीला फोन करून गच्चीवर बोलवायला आणि वायव्येकडे तोंड करून उभी राहा म्हणून सांगायला तेवढी पुरतात.