उज्जयिनीची रेखा आणि कल्पाचे दिवस



भारतीय ज्योतिर्गणितात उज्जयिनीचे स्थान मध्यरेखेवरचे. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून जाणारी ती रेखा प्रमाण मानून इतर गावांचा काल देशांतर-संस्काराने काढीत. या रेखेवर ज्या दिवसांची मोजदाद होई, त्यांतील सर्वांत मोठी संख्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त एका कल्पाचे सावन दिवस १५,७७,९१,६४,५०,००० दिले. इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी हीच संख्या स्वीकारली. कल्पाची वर्षे ४३२ कोटी. असे आकडे दिसले की पुराणांतील अतिशयोक्ती म्हणून हसण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या हसणाऱ्यांनी भागाकार करून पाहिलेला नसतो.

४३२ कोटींचे मूळ अवयव पाहावेत: २, ३ आणि ५, एवढेच. म्हणून १२ राशी, ३० तिथी, ६० घटी, ३६० अंश यांपैकी कशानेही भागले तरी बाकी उरत नाही. दिवसांची संख्या मात्र इतकी आज्ञाधारक नाही. तिच्यात २, ३, ५ यांच्यासह ११ आणि ३५,४१९ हे अवयव आहेत, आणि यांतील शेवटच्याचे आणखी तुकडे पडत नाहीत. आकाशाने माणसाच्या सोयीला दिलेला नकारच तो.

तरीही दोन्ही संख्यांना १३,५०,००० ने निःशेष भाग जातो. उरतात ३,२०० वर्षे आणि ११,६८,८२७ दिवस. धूळपाटीवर मावणारे हे आकडे! त्यांवरून वर्षमान निघते ३६५ दिवस, १५ घटी, ३० पळे, साडेबावीस विपळे. ब्रह्मगुप्तापूर्वी आर्यभटाच्या महायुगातील ४३,२०,००० वर्षे आणि १,५७,७९,१७,५०० दिवस यांना ७,५०० ने भागले की ५७६ वर्षे आणि २,१०,३८९ दिवस येतात. पहिल्या भास्कराने कुट्टकाच्या उदाहरणांत हेच लहान आकडे वापरले. सूर्यसिद्धान्ताच्या १,५७,७९,१७,८२८ दिवसांना व त्याच ४३,२०,००० वर्षांना मात्र चारापलीकडे सामाईक भाजक नाही. तेथे गणकाची दमछाक ठरलेली.

घरोघरच्या पंचांगाशीही या संख्येचा संबंध आहे. ब्रह्मगुप्ताच्या कल्पात १,५९,३३,००,००० अधिकमास येतात. सौरमासांशी त्यांचे गुणोत्तर संक्षेपाने ५,३११ : १,७२,८०० होते. म्हणजे साधारण साडेबत्तीस सौरमासांनी एक अधिकमास. जावयाला अनारसे वाढणाऱ्या गृहिणीला ठाऊक असलेलेच हे अंतर होय.

मात्र निःशेष भागाकार म्हणजे सत्य नव्हे. सर्व ग्रह कल्पारंभी एकत्र होते आणि कल्पान्ती पुन्हा एकत्र येतील, या आग्रहापायी प्रत्येक भगण पूर्णांकात बसवावा लागला. ब्रह्मगुप्ताचे वर्ष आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे तीन मिनिटांनी मोठे आहे. वर्षाला तीन मिनिटे ही चूक क्षुल्लक वाटते. पण सुमारे ४८० वर्षांत तिचा एक दिवस होतो. मग मूळ संख्या तशीच राखून ग्रहांना बीजसंस्कार देण्याची युक्ती आली. संख्येचा मान राहिला, आणि वेधाचाही थोडासा.

अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने उज्जयिनीत दगडी यंत्रे उभारली, ती वेधाच्याच ओढीने. पुढे मोडकळीस आलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी करविला. तेथील सम्राटयंत्राच्या कडेवर सावली आजही सरकते, आणि तिला कल्पाचे दिवस विचारावे लागत नाहीत.