जुन्या लॅपटॉपचा पंखा, नवे काम

बुलढाणा असो की खामगाव, बंद पडलेला लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्याचा पंखा काढून ठेवा. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या वायफाय राउटरला तो वारा देईल.

आधी चार्जर काढा, मग बॅटरी वेगळी करा. बॅटरी फुगली असेल, तर लॅपटॉप उघडू नका; जाणकाराकडे न्या. पंख्याची तार ओढू नका, टोक अलगद सोडवा. धूळ मऊ ब्रशने झटका. पंखा बहुधा 5 व्होल्टचा असतो; लेबल वाचूनच जोडा. लॅपटॉपमधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीत द्रव सीलबंद असतो. ती कापू किंवा तापवू नका. ई-कचरा आणि बॅटरी, दोन्हींसाठी 2022 चे स्वतंत्र नियम आहेत. म्हणून उरलेले भाग नोंदणीकृत केंद्राकडेच द्या. उघड्यावर कधीच जाळू नका.