मणिबेलीचा वारा आणि चुलीचा धूर



मणिबेलीच्या हवेविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं ऐकणारांस प्रथम नवल वाटेल. अक्कलकुवा तालुक्यांतील हें नर्मदाकांठचें गांव. तेथें गिरणी नाहीं, धुराडें नाहीं, भोंवतीं सगळा डोंगर. मग हवेस काय झालें? उत्तर भूमीच्या ठेवणींत आहे, आणि तें चुलीपाशीं बसणाऱ्या आयाबहिणींच्या छातीशीं निगडित असल्यामुळें आम्हीं आज हाच विषय घेतला आहे.

उत्तरेस विंध्य, दक्षिणेस सातपुडा आणि मधून पश्चिमेस जाणारी नर्मदा. मणिबेली दक्षिणतीरीं, म्हणून नदीकडे उतरणारी तिची भूमि उत्तराभिमुख. मार्गशीर्ष-पौषांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. अशा उतारांवरची सावली लवकर हटत नाहीं. रात्रीं डोंगर निवतात, त्यांना टेकलेली हवा गार व जड होते आणि ओघळत ओघळत दरीच्या तळाशीं सांचते. तिच्यावर उबदार हवेचा थर झांकणासारखा बसतो. मग पहांटेच्या चुलींचा धूर थोडा वर चढतो आणि आडवा पसरतो. दुरून ती निळसर पट्टी मोठी रम्य दिसते. चित्रकारानें ती खुशाल रंगवावी. तिच्याखालीं राहणाऱ्यास मात्र ती श्वासावाटें घ्यावी लागते.

सरदार सरोवराच्या पाण्यानें महाराष्ट्रांत प्रथम गांठलें तें याच गांवास. १९९३ सालच्या बुडिताच्या वेळीं मणिबेलीचें नांव देशोदेशीं गेलें. पुढें २०१७ सालीं धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्यें जलाशय १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीस प्रथमच भरला. वाहत्या नदीच्या जागीं विस्तीर्ण उभें पाणी आलें. पाणी जमिनीपेक्षां सावकाश निवतें. थंडीच्या रात्रीं त्याची वाफ गार हवेंत मिळून धुकें होतें, आणि धुराचे कण त्या धुक्यांत गुरफटून राहतात. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं उघडा पडलेला गाळ वाळतो व वैशाखाच्या वाऱ्याबरोबर उडतो. तथापि तोच वारा धुरास थारा देत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

फाल्गुनांत मोह फुलतो. फुलें वेंचतां यावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आहे. ती आग कित्येकदां रानांत शिरते. झाडाखालीं जुनें लुगडें वा जाळें अंथरलें तर फूलही स्वच्छ मिळेल आणि रोपेंही वांचतील.

पावसाळ्याविषयीं मात्र पुष्कळांची समजूत अपुरी आहे. खंबायतच्या आखाताकडून येणारा पाऊस आकाश धुऊन काढतो हें खरें. परंतु त्याच दिवसांत घरांतली हवा सर्वांत वाईट होते. सरपण ओलें, दार लोटलेलें, आणि तान्हें मूल आईच्या मांडीवर. ओलें लांकूड जळत नाहीं, धुमसतें. धुराचे जे कण अडीच मायक्रोमीटरांहून लहान, म्हणजे केंसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या हिश्श्याहून बारीक, ते फुफ्फुसांत खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरास ५ मायक्रोग्रॅम सांगितली; आपल्या देशानें २००९ सालीं ४० ठरविली होती. धुमसत्या चुलीजवळ या दोन्ही मर्यादा कोठल्या कोठें मागें पडतात.

जुन्या कुडाच्या भिंतींतून धूर फटीफटींनीं निघून जात असे. आतां भिंती लिंपून पक्क्या झाल्या, वर पत्रा आला. घर मजबूत झालें, पण धुराची वाट बुजली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस मिळूं लागला. तरी सिलिंडर पुन्हा भरावयाचा म्हणजे पैसा हवा, आणि डोंगरांतली वाटही चालली पाहिजे. लांकूड एवढ्यांत सुटणार नाहीं. म्हणून घरच्या पुरुषांस आमची विनंती आहे कीं, मृग लागण्यापूर्वीं चार महिन्यांचें सरपण फोडून, वाळवून, पडवींत उंचावर रचावें, आणि चुलीच्या वर आढ्याशीं हातभर झरोका ठेवून त्यावर पाऊस आंत येऊं नये असें छपर घालावें.